खुर्ची आणि शिक्का

(आकाशवाणीवरील भाषणाचा मजकूर)

भोपाळ शहरातील साकेत नगर या वसाहतीत मी राहतो. आमच्या वसाहतीपासून थोड्याच अंतरावर हबीबगंज नावाचे रेल्वेस्थानक होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याची नवी, भव्य इमारत लोकांना खुली झाली आणि त्याच वेळी स्थानकाला राणी कमलापती हे नाव देण्यात आले. कमलापती ही अठराव्या शतकाच्या आरंभी या प्रदेशात नांदलेली गोंड राणी. तिचा महाल मोठ्या तळ्याच्या काठी आजही उभा आहे. ज्या शहराची ओळख राजा भोज आणि नबाब यांच्याच नावांनी करून देण्याचा प्रघात पडला होता, त्या शहराच्या एका प्रवेशद्वारावर गोंड राणीचे नाव झळकले, ही गोष्ट लहान नव्हे.

आमच्या घरी धुण्याभांड्यास येणाऱ्या बाई दिंडोरी जिल्ह्यातील गोंड आहेत. गावी जाताना जबलपूरची गाडी त्या याच स्थानकावर पकडतात आणि नाव आपल्या राणीचे आहे, हे त्या मोठ्या अभिमानाने सांगतात. त्यांची थोरली जाऊ गावची सरपंच निवडून आली, तेव्हा मी सहज म्हणालो, ‘आता गावचा कारभार तुमच्याच घरात आला म्हणावयाचा!’ त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘खुर्ची आली, बाबूजी. शिक्का सचिवाच्या थैलीत असतो.’

बाईंच्या बोलण्यात तक्रारीचा सूरही नव्हता. पाऊस कमी पडला हे जसे सांगावे, तसे त्यांनी ते सांगितले. परंतु राज्यशास्त्राच्या ग्रंथांत ज्याची पुष्कळ चर्चा झालेली आहे, तो प्रश्न त्यांनी एका वाक्यात माझ्यापुढे ठेवला होता. समाजाच्या तळाशी राहिलेल्या वर्गातील माणूस खुर्चीवर बसला, म्हणजे त्या वर्गाच्या हाती सत्ता आली असे म्हणावयाचे काय? आणि तसे म्हणता येत नसेल, तर मग सत्ता आली हे ओळखावयाचे कशावरून? आज आपल्यापुढे या प्रश्नाचा थोडा विचार मांडावा, अशी माझी इच्छा आहे.

प्रथम आमच्या मध्यप्रदेशाचा हिशेब पाहू. २०११ च्या जनगणनेप्रमाणे या राज्यात अनुसूचित जमातींची लोकसंख्या एक कोटी त्रेपन्न लाखांहून अधिक, म्हणजे शेकडा २१ हून किंचित जास्त आहे. अनुसूचित जातींचे प्रमाण शेकडा १५.६ आहे. विधानसभेच्या २३० जागांपैकी ४७ जागा जमातींसाठी आणि ३५ जागा जातींसाठी राखीव आहेत. म्हणजे ८२ आमदार, सभागृहाच्या एकतृतीयांशाहून अधिक, या दोन समूहांतून येतात. लोकसंख्येचे प्रमाण आणि जागांचे प्रमाण जवळजवळ जुळते. अंकगणिताच्या दृष्टीने पाहिले, तर येथे फारसे उणे काढण्यास जागा नाही.

आता या हिशेबाची दुसरी बाजू पहा. हे राज्य १९५६ मध्ये अस्तित्वात आले. त्यानंतर सारंगढचे राजे नरेशचंद्र सिंह हे गोंड समाजातील गृहस्थ मुख्यमंत्री झाले. १३ मार्च १९६९ रोजी ते अधिकारावर आले आणि त्याच महिन्याच्या २५ तारखेस पायउतार झाले. पक्षांतरांच्या धामधुमीत मिळालेले ते तेरा दिवस सोडले, तर मध्यप्रदेशाच्या मुख्यमंत्रिपदावर दुसरा आदिवासी बसलेला नाही. एवढ्यावरून कोणाच्या हेतूविषयी निष्कर्ष काढू नये, हे मला मान्य आहे. तथापि सभागृहात पाचव्या हिश्श्याने बसणे आणि राज्याचे सुकाणू हाती असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे तरी यावरून दिसतेच.

किंबहुना हा भेद आपल्या राज्यघटनेतच एके ठिकाणी नमूद झालेला आहे. घटनेच्या पाचव्या अनुसूचीप्रमाणे अनुसूचित क्षेत्रे असलेल्या राज्यांत जनजाती सल्लागार परिषद असते. तिचे सदस्य वीसपर्यंत असतात आणि त्यांपैकी सुमारे तीनचतुर्थांश विधानसभेतील आदिवासी आमदार असावेत, असा नियम आहे. प्रतिनिधित्वाची याहून उदार व्यवस्था कोणती असणार? परंतु पुढचे वाक्य वाचा. राज्यपाल जे विषय या परिषदेकडे पाठवतील, त्या विषयांवर तिने सल्ला द्यावयाचा. विषय कोणता, हे तिने ठरवावयाचे नाही. आणि दिलेला सल्ला मानलाच पाहिजे, असेही नाही. बसण्याचा मान आहे, बोलण्याची मुभा आहे; निर्णय मात्र दुसरीकडे आहे.

श्रोतेहो, हा प्रश्न केवळ आपलाच आहे असे समजू नये. परदेशांत तो वर्णाच्या किंवा वंशाच्या नावाने उभा राहिला. येथे एक खुलासा केला पाहिजे. जात म्हणजे वंश नव्हे. अस्पृश्यतेचे मूळ वंशभेदात आहे, हा सिद्धांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ च्या आपल्या ग्रंथात स्पष्टपणे नाकारला. परंतु रोग वेगळे असले तरी पुष्कळदा त्यांची लक्षणे सारखी असतात, आणि हे साम्य महाराष्ट्रातील विचारवंतांनी फार पूर्वी ओळखले होते. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला तो, त्यांनी तेथील काळ्या लोकांना दास्यातून मुक्त केले म्हणून. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतील काळ्या समाजाचे थोर विद्वान डू बॉईस यांना पत्र लिहिले. तेथील काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती. आणि १९७२ मध्ये मुंबईतील तरुण लेखकांनी जी संघटना उभी केली, तिला त्यांनी अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून दलित पँथर हे नाव दिले. तेव्हा अमेरिकेच्या अनुभवाकडे पाहणे म्हणजे परक्या घरात डोकावणे नव्हे.

त्या अनुभवातून काय दिसते? यादवी युद्धानंतर १८७० मध्ये हायरम रेव्हल्स हे मिसिसिपी राज्याचे प्रतिनिधी म्हणून अमेरिकेच्या सिनेटमध्ये बसले. सिनेटमध्ये बसणारे ते पहिले काळे गृहस्थ. त्याच राज्यातून त्यांच्यामागून ब्लांच ब्रूस आले. त्यांची मुदत १८८१ मध्ये संपली. त्यानंतर काळ्या समाजातील पुढचा सिनेटर येण्यास १९६७ साल उजाडले, आणि तेही दक्षिणेतून नव्हे, तर उत्तरेतील मॅसॅच्युसेट्समधून. मधली शहाऐंशी वर्षे कोठे गेली? १८९० मध्ये मिसिसिपीने नवी घटना करून मतदानाला कर आणि वाचनपरीक्षा यांच्या अटी लावल्या आणि काळ्या माणसाच्या हातातील मतपत्रिका काढून घेतली. मतपत्रिका गेली, तेव्हा खुर्चीही गेली. ज्या मुळाच्या आधारावर फांदी उभी होती ते मूळच तोडले गेल्यावर फांदी किती दिवस टिकावी?

अलीकडचे उदाहरण याहून बोधप्रद आहे. २००८ मध्ये बराक ओबामा अध्यक्ष म्हणून निवडून आले, तेव्हा साऱ्या जगाने आनंद मानला आणि तो योग्यच होता. परंतु त्यांच्याच कारकिर्दीत, जून २०१३ मध्ये, तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९६५ च्या मताधिकार कायद्यातील एक महत्त्वाचे कलम रद्द ठरविले. कोणत्या राज्यांनी आपले निवडणूक नियम बदलण्यापूर्वी केंद्राची परवानगी घ्यावी, हे त्या कलमाने ठरत असे. अध्यक्षाच्या आसनावर काळा माणूस आणि त्याच वेळी गावोगावच्या काळ्या मतदाराचे संरक्षण पातळ झालेले, असे हे दृश्य होते. सर्वांत उंच खुर्ची मिळाली म्हणून सर्वांत खालच्या माणसाची मूठ बळकट होतेच असे नाही, हे यावरून समजावे.

आणि खुर्च्या मुद्दाम अशा रीतीने मांडता येतात, की बसणाऱ्याला काही करताच येऊ नये. दक्षिण आफ्रिकेतील गोऱ्या सरकारने १९८३ मध्ये नवी घटना केली. गोऱ्यांसाठी १७८, मिश्रवर्णीयांसाठी ८५ आणि हिंदी लोकांसाठी ४५ अशा जागांची तीन वेगवेगळी सभागृहे तिने निर्माण केली. देशातील बहुसंख्य आफ्रिकी जनतेला त्यांत स्थानच नव्हते. तिन्ही सभागृहांच्या संख्या अशा बेतल्या होत्या, की उरलेली दोन एकत्र आली तरी गोऱ्यांचे सभागृह हरू नये. १९८४ मध्ये निवडणुका झाल्या, तेव्हा मिश्रवर्णीय आणि हिंदी मतदारांपैकी बहुतेकांनी मतदानाकडे पाठ फिरविली. दिलेली खुर्ची आपल्याला मोठे करण्यासाठी आहे की गप्प बसविण्यासाठी आहे, हे त्या सामान्य मतदारांनी बरोबर ओळखले होते.

आता आपल्या घरी परत येऊ. याच प्रश्नावर आपल्या देशात एकदा फार मोठा, जिवाशी गाठ घालणारा वाद झाला, आणि तो झाला पुण्याजवळच्या येरवडा तुरुंगात. ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनल्ड यांनी जातीय निवाडा जाहीर केला. त्यात अस्पृश्य मानल्या गेलेल्या वर्गाला स्वतंत्र मतदारसंघ मिळाले होते. म्हणजे त्या जागांसाठी मत फक्त त्याच वर्गाने द्यावयाचे होते. शिवाय सर्वसाधारण मतदारसंघातही त्यांना मत होते. गांधीजींनी या व्यवस्थेविरुद्ध २० सप्टेंबरला प्राणांतिक उपोषण आरंभिले आणि २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. करारामुळे प्रांतिक विधिमंडळांतील जागा वाढून १४८ झाल्या. त्यांपैकी मुंबई इलाख्याच्या वाट्याला १५ आणि मध्यप्रांताच्या वाट्याला २० आल्या. मात्र मतदान संयुक्त झाले. प्रथम त्या वर्गाच्या मतदारांनी चार उमेदवारांची निवड करावयाची आणि मग त्या चारांतून सर्व समाजाने मिळून एक निवडावयाचा, अशी ती योजना होती. पुढे स्वतंत्र भारताच्या घटनेत ही पहिली पायरीही राहिली नाही.

जागा वाढल्या, पण त्या जागांची किल्ली दुसऱ्याच्या हाती गेली, अशी बाबासाहेबांची तक्रार होती. उलट बाजूचा युक्तिवादही हलका नव्हता. दोन समाजांची मते कायमची वेगळी पडली, तर गावातील दोन पाणवठे जसे वेगळे तशी दोन राष्ट्रे वेगळी होतील. एकमेकांच्या दारी मत मागावयास गेल्याशिवाय एकमेकांचे सुखदुःख कळणार नाही, असे गांधीजींना आणि त्यांच्या अनुयायांना वाटत होते. हे म्हणणे खोटे ठरविण्याची माझी इच्छा नाही. परंतु त्या म्हणण्यात एक अट गृहीत होती. बहुसंख्य समाजाने आपले मत देताना, दुसऱ्या समाजाचा खरा विश्वास कोणावर आहे हे पाहावे, ही ती अट. ती पाळली गेली काय?

१९४५-४६ च्या निवडणुकांत बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनला प्राथमिक फेरीत आपल्या समाजाची मते चांगली मिळाली. परंतु अंतिम फेरीत, सर्व समाजाच्या मतदानात, तिच्या वाट्याला हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच जागा आल्या. पुढे १९५२ मध्ये लोकसभेच्या पहिल्या निवडणुकीत उत्तर मुंबईच्या दुहेरी मतदारसंघातून स्वतः बाबासाहेब उभे राहिले. राखीव जागेवर काँग्रेसचे नारायणराव काजरोळकर यांनी त्यांचा सुमारे चौदा हजार मतांनी पराभव केला. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही त्यांना पराभव पत्करावा लागला. काजरोळकर हेही अनुसूचित जातीतीलच होते आणि रीतसर निवडून आलेले होते. त्यांच्याविषयी अनुदार शब्द काढण्याचे कारण नाही. परंतु नेमके येथेच लक्ष द्यावयाचे आहे. जागा त्या समाजासाठी होती, निवडून आलेला माणूस त्या समाजातील होता, म्हणजे प्रतिनिधित्वाचा रकाना पूर्ण भरला होता. आणि तरीही भारताच्या घटनेचा मसुदा समितीचा अध्यक्ष, त्या समाजाचा सर्वांत मोठा आवाज, लोकसभेच्या दाराबाहेर उभा होता. पुढे १९५५ मध्ये त्यांच्या फेडरेशननेच राखीव जागा रद्द कराव्यात, असा ठराव केला. ज्यांनी त्या जागांसाठी आयुष्य वेचले, त्यांच्यावर अशी पाळी यावी, यातच सारे आले.

मंत्रिमंडळातील त्यांचा अनुभवही असाच होता. सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला. हिंदू संहितेचे विधेयक रखडले, हे कारण आपण सर्वजण जाणतो. परंतु राजीनाम्याच्या निवेदनात आणखीही एक गोष्ट होती. परराष्ट्र आणि संरक्षण यांसारख्या विषयांच्या मंत्रिमंडळ समित्यांवर आपल्याला घेतले गेले नाही, हे त्यांनी सांगितले होते. मंत्रिपद होते, मान होता, छायाचित्रात जागा होती. परंतु जेथे निर्णय शिजत होते, त्या खोलीत प्रवेश नव्हता.

मग राखीव जागा व्यर्थ ठरल्या काय? तसे मी म्हणणार नाही, आणि कोणी म्हटले तर ते मान्यही करणार नाही. ज्या खोलीत आपल्या माणसाने पाऊलच टाकलेले नाही, तेथील दरवाजे कोणीकडे उघडतात हेही कळत नाही. दोन अर्थशास्त्रज्ञांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थान येथील ग्रामपंचायतींचा अभ्यास करून २००४ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. जेथे प्रमुखपद स्त्रियांसाठी राखीव होते, तेथे पिण्याच्या पाण्याच्या सोयींवर अधिक खर्च झाल्याचे त्यांना आढळले. हंडा ज्यांच्या डोक्यावर असतो त्यांना विहीर आधी आठवावी, यात नवल नाही. म्हणजे खुर्चीवर कोण बसते, याने फरक पडतो. मात्र पंचायतीच्या हाती पैसा होता आणि तो कशावर खर्चावयाचा हे ठरविता येत होते, म्हणून तो फरक पडला, हे विसरू नये.

याउलट, मागे बळ नसलेल्या खुर्चीचे काय होते, तेही आपल्याच देशाने पाहिले आहे. १९९३ मध्ये ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि पंचायतींत अनुसूचित जाती, जमाती व स्त्रिया यांना राखीव स्थान मिळाले. त्या दुरुस्तीनंतर पंचायतीच्या निवडणुका घेण्यात आमचा मध्यप्रदेश देशात आघाडीवर होता. १९९४ मध्येच त्या येथे झाल्या. परंतु तामिळनाडूतील मदुराई जिल्ह्यात पाप्पापट्टी, कीरीपट्टी आणि नट्टारमंगलम या गावांत सरपंचपद दलितांसाठी राखीव होताच १९९६ पासून दहा वर्षे एकही कारभारी टिकू शकला नाही. कधी उमेदवारच उभा राहावयास धजला नाही, तर कधी कोणी निवडून आला आणि त्याने लागलीच राजीनामा दिला. त्याच जिल्ह्यातील मेलवळवू येथे तर निवडून आलेल्या दलित सरपंचाचा १९९७ मध्ये त्याच्या सहकाऱ्यांसह खून झाला. कायद्याने दिलेली खुर्ची गावाने ओढून घेतली. २००६ मध्ये सरकारने मनावर घेतले, तेव्हाच त्या तीन गावांत निवडणूक होऊन कारभार सुरू होऊ शकला.

हिंसा ही टोकाची गोष्ट झाली. नित्याची रीत अधिक सौम्य असते. पक्षाचे तिकीट कोणाला द्यावयाचे, हे दूरच्या कचेरीत ठरते. राखीव जागेसाठी जो उमेदवार शोधला जातो, तो पुष्कळदा कोणाला न दुखावणारा, मान खाली घालून ‘होय’ म्हणणारा असा शोधला जातो. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर तर पक्षादेशाविरुद्ध मत देणे म्हणजे आपले सदस्यत्वच पणाला लावणे होय. मग तो सदस्य सभागृहात उठून आपल्या समाजाचे गाऱ्हाणे कितीसे मांडणार? त्याच्या मनात धाक असतो तो तिकीट देणाऱ्याचा. आणि प्रतिनिधीच्या मनात ज्याचा धाक असतो, त्याचाच तो खरा प्रतिनिधी, असे मला वाटते.

ज्या प्रतिनिधीमागे मतदारच नसतो, त्याची गोष्ट आणखी निराळी. आपल्या घटनेत अँग्लो-इंडियन समाजाचे दोन सदस्य लोकसभेवर नेमण्याची तरतूद होती. आमच्या मध्यप्रदेश विधानसभेतही अशा एका सदस्याची नेमणूक होत असे. इटारसी, जबलपूर अशा रेल्वेच्या गावांत हा समाज पिढ्यान्‌पिढ्या राहिला. २०१९ च्या १०४ व्या घटनादुरुस्तीने जाती-जमातींच्या राखीव जागांची मुदत २०३० पर्यंत वाढविली. परंतु अँग्लो-इंडियन नेमणुकांची मुदत मात्र वाढविली नाही आणि जानेवारी २०२० मध्ये त्या संपल्या. त्यावर देशात फारशी खळबळ उडाली नाही. नेमलेली जागा नेमणाऱ्याच्या मर्जीवर टिकते, आणि मर्जी संपली की तीही संपते.

इतका वेळ मी काय नाही ते सांगितले. खरी सत्ता कशी दिसते, हेही सांगितले पाहिजे. त्यासाठी आपण गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात जाऊ. तेथे मेंढा नावाचे गोंड लोकांचे एक लहानसे गाव आहे. शेजारच्या लेखा गावाला जोडून लोक त्याला मेंढा-लेखा म्हणतात. वस्ती साधारण साडेचारशेची. या गावातून कोणी मुख्यमंत्री झाला नाही की कोणी मोठा मंत्री झाला नाही. परंतु देवाजी तोफा आणि त्यांच्या गावकऱ्यांनी अनेक वर्षांपासून एक रीत पाडली. गावाचा प्रत्येक निर्णय ग्रामसभेत, सर्वांच्या संमतीने घ्यावयाचा. दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही त्यांची घोषणा महाराष्ट्रात सर्वतोमुखी झालेली आहे.

२००६ च्या वनहक्क कायद्याच्या आधारे २००९ मध्ये या गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशातील अशा पहिल्या गावांपैकी ते एक होते. तरीही एक अडचण राहिली. जंगलातील बांबू आपला आहे असे कागदावर ठरले. परंतु तो गावाबाहेर न्यावयाचा तर वाहतुकीचा परवाना लागतो आणि परवान्याचे पुस्तक वनखात्याच्या हाती होते. हक्क गावाचा, शिक्का खात्याचा! शेवटी एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश हे महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांसह त्या गावी गेले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हवाली करण्यात आले. त्या दिवसापासून बांबू कोणाला विकावयाचा आणि आलेला पैसा कशावर खर्चावयाचा, हे गाव ठरवू लागले.

श्रोतेहो, त्या पुस्तकाची किंमत काही रुपये असेल. परंतु एखाद्या समारंभात आदिवासी पाहुण्यांच्या गळ्यात पडणाऱ्या शंभर हारांपेक्षा त्या पुस्तकात अधिक राज्य होते. आमच्या मध्यप्रदेशातही १९९६ च्या पेसा कायद्याखालील नियम नोव्हेंबर २०२२ मध्ये लागू झाले आणि ग्रामसभांना जमीन, पाणी व जंगल यांविषयी अधिकार मिळाले. कायदा आणि नियम यांच्यामध्ये सव्वीस वर्षे गेली. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात द्रौपदी मुर्मू या राष्ट्रपतिपदावर बसणाऱ्या पहिल्या आदिवासी झाल्या होत्या आणि या नियमांच्या समारंभास त्या शहडोल येथे उपस्थित होत्या. सर्वोच्च खुर्ची आणि खेड्यातील ग्रामसभा या दोन्ही त्या दिवशी एका मांडवात आल्या. आता त्या नियमांचे मोल कशावरून ठरावयाचे? दिंडोरीच्या एखाद्या पाड्यावर ग्रामसभेने ‘नाही’ म्हटले, तर ते ‘नाही’ टिकते की नाही, यावरूनच ते ठरेल.

तेव्हा मला असे सुचवावयाचे आहे, की कोणत्याही प्रतिनिधित्वाकडे पाहताना आपण तीन साधे प्रश्न विचारावेत. याला निवडले कोणी? याला दूर कोण करू शकतो? आणि पैशाच्या कागदावर सही व शिक्का कोणाच्या मर्जीने उठतो? या तिन्हींची उत्तरे त्या समाजाकडे बोट दाखवीत असतील, तर खुर्ची साधी असली तरी तेथे सत्ता आहे. ती उत्तरे दुसरीकडे बोट दाखवीत असतील, तर सिंहासन सोन्याचे असले तरी तेथे केवळ शोभा आहे.

जाता जाता एक गोष्ट आपल्यासारख्या सुस्थितीतील मराठी माणसांसाठी सांगावयाची आहे. अमरावती, रामटेक, शिर्डी, लातूर आणि सोलापूर हे महाराष्ट्रातील लोकसभेचे पाच मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. आमच्या भोपाळ जिल्ह्यात बैरसियाची विधानसभेची जागा तशीच राखीव आहे. या प्रत्येक ठिकाणी बहुसंख्य मतदार अनुसूचित जातींचे नाहीत. म्हणजे त्या समाजाचा प्रतिनिधी कोण व्हावा, हे पुष्कळ अंशी इतरेजन ठरवितात. पुणे कराराने जी किल्ली इतरांच्या हाती दिली, ती आपल्या खिशात आहे. आपण सहज म्हणतो, ‘ती जागा राखीव आहे, तेथे आपला काय संबंध?’ संबंध आहे, आणि फार मोठा आहे. तेथे मत देताना आपण आपल्याला सोयीचा, नम्र माणूस निवडतो, की ज्याच्यावर त्या समाजाचा विश्वास आहे, जो वेळप्रसंगी आपल्यालाही चार कठोर शब्द ऐकवील, असा माणूस निवडतो? १९३२ मध्ये जी अट गृहीत धरली गेली, ती पाळावयाची संधी दर निवडणुकीस आपल्यापुढे येते आणि दर वेळी आपण ती बहुधा न ओळखता घालवितो.

परवा त्या बाई गावाहून परत आल्या, तेव्हा मी त्यांना विचारले, ‘शिक्क्याचे काय झाले?’ त्या म्हणाल्या, ‘जाऊबाईंनी ग्रामसभेत मागितला. सचिव म्हणाला, बघू. बायका उठल्या नाहीत, तेथेच बसून राहिल्या. संध्याकाळी त्याने थैली उघडली.’ पुढे काय होते ते पाहावयाचे आहे. एका संध्याकाळी उघडलेली थैली दुसऱ्या दिवशी पुन्हा बंदही होते. परंतु त्या बायका राणी कमलापतीचे नाव घेत बसल्या नव्हत्या, की कोणी आपल्याला खुर्ची द्यावी म्हणून थांबल्या नव्हत्या. खुर्ची त्यांच्याजवळ होतीच. तिच्याबरोबर जे यावयास हवे होते, ते त्यांनी मागून घेतले.